नॉटपेड

'नॉटपेड' हा शब्द आता मराठीतून जवळजवळ गेलाच. घरातल्या विशीतल्या मुलाला विचारून पाहा. तो थकलेल्या हप्त्याबद्दल काहीतरी सांगू लागेल. पण ज्या घरांत पोस्टमनची वाट पाहिली जात असे, तिथल्या जुन्या माणसांना हा शब्द ऐकला की अजूनही बारीकशी धाकधूक वाटेल. तिकीट न लावता, किंवा पुरेसे तिकीट न लावता पेटीत टाकलेले पत्र म्हणजे नॉटपेड. पोस्ट ते फेकून देत नसे. ते दारापर्यंत यायचे. मात्र जेवढ्याचे तिकीट कमी पडले असेल त्याच्या दुप्पट पैसे, ज्याच्या नावावर पत्र आले त्याने मोजले तरच ते त्याच्या हाती पडायचे. म्हणजे लिहिणाऱ्याने लिहायचे आणि दंड वाचणाऱ्याने भरायचा! बरे, आत काय आहे हे पैसे दिल्याशिवाय कळायचे नाही. आत नातू झाल्याची बातमी असेल, किंवा कुणा लांबच्या मेव्हण्याने फुरसत होती म्हणून लिहिलेल्या चार ओळी असतील. घेतले तर पैसे गेले, आणि न घ्यावे तर रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, कोकणातल्या एका लहानशा गावी सब-पोस्टमास्तर होते. पुढच्या दोन खोल्यांत कचेरी आणि मागच्या दोन खोल्यांत आमचे बिऱ्हाड. त्यामुळे शिक्क्याचा ठकठक आवाज आणि वितळलेल्या लाखेचा वास ह्यांतच माझे लहानपण गेले. अण्णा फारसे बोलणारे नव्हते. पण टपालखात्यावर त्यांची एखाद्या वारकऱ्याची असावी तशी निष्ठा होती, आणि त्यांचे सगळे टपालशास्त्र दोन वाक्यांत मावत असे. पहिले वाक्य : "लिहायची हौस ज्याला, खर्च त्याला." दुसरे : "पत्र हरवत नाही, एक तर पोचते, नाही तर परत जाते." नॉटपेड पत्र आले की पहिल्या वाक्याचा भंग झाला म्हणून ते मनातल्या मनात चिडत. दुसऱ्याचा भंग झालेला मात्र त्यांनी कधी सहन केला नाही.

पहिला नियम वाटतो तेवढा जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात पत्राचा आकार बहुधा घेणाऱ्याकडूनच वसूल करीत, आणि तोही अंतर पाहून. मग लोक शक्कल लढवीत. पाकिटावरच काही ठरलेली खूण करायची. घेणाऱ्याने ती पाहायची, खुशाली समजली की पत्र नाकारायचे, आणि पोस्टमनने हात हलवीत परत जायचे. रोलंड हिल नावाच्या गृहस्थाने १८३७ साली एक पुस्तिका लिहून ही सगळी रीत उलटी करायला सांगितली : दर अगदी कमी ठेवा, अंतर पाहू नका, आणि पैसे आधी पाठवणाऱ्याकडून घ्या. १८४० साली इंग्लंडात एका पेनीचे तिकीट निघाले. आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचे पत्र हिंदुस्थानभर कुठेही जाऊ लागले. १८७९ साली पोस्टकार्ड आले, ते पाव आण्याला. ह्या तिकिटाकडे आपण महसुलाचे साधन म्हणून पाहतो. पण त्याचा दुसरा उपयोग फार मोठा होता. ते लिहिणाऱ्याला क्षणभर थांबवीत असे. हे लिहिण्याची खरोखरच गरज आहे का, एवढा प्रश्न त्या चिकटवण्याच्या क्षणात त्याला पडत असे.

ह्याची परीक्षा पाहायची तर त्या काळी घरोघर येणारी साखळीपत्रे आठवा. 'हे पत्र मिळताच अकरा जणांना अशीच पत्रे पाठवा. पाठवणाऱ्याला धनलाभ झाला, हेळसांड करणाऱ्याचे जहाज बुडाले.' आमच्या आत्याला असे एक कार्ड आले. जहाज नसल्यामुळे ती तशी निर्धास्त होती. पण उगीच विषाची परीक्षा नको म्हणून अण्णांकडून कार्डे विकत घेऊन लिहायला बसली. पाचव्या कार्डाला तिचा हात दुखू लागला. सहाव्याला पैशांचा विचार मनात आला. देवीला सहा पुरतील असे तिने परस्पर ठरवून टाकले, आणि उरलेली कार्डे भावांना खुशालीची म्हणून गेली. साखळी तिथे तुटली. आत्याची श्रद्धा कमी नव्हती. पण अंधश्रद्धेलाही तिकीट लागत होते.

आता ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. अण्णा गेले, लाख गेली, आणि सकाळी उठल्यावर मी संगणक उघडते तेव्हा माझ्या टपालात पंचवीस-तीस पत्रे येऊन पडलेली असतात. मला न मागता कर्ज मंजूर झालेले असते. परदेशातल्या कुणा मृत सरदाराची विधवा आपली संपत्ती माझ्या स्वाधीन करायला आतुर झालेली असते. माझे केस दाट करण्याची, वजन उतरवण्याची आणि मुंबईबाहेर दोन खोल्यांची सदनिका देण्याची जबाबदारी निरनिराळ्या लोकांनी उचललेली असते. ह्या पत्रांना स्पॅम म्हणतात. नावाची कथा गमतीची आहे. अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीने १९३७ साली डबाबंद डुकराचे मांस ह्या नावाने बाजारात आणले. १९७० साली माँटी पायथन ह्या विनोदी नटमंडळींनी बीबीसीवर एक प्रवेश केला. त्यातल्या खाणावळीत जो पदार्थ मागावा त्यात हे स्पॅम आहेच, आणि कोपऱ्यात बसलेले लोक मध्येच त्याचे नाव घेऊन असे गाऊ लागतात की कुणाला कुणाचे बोलणे ऐकू येऊ नये. संगणकवाल्यांनी तोच शब्द उचलला. तो उचलला हे योग्यच झाले. कारण ह्या पत्रांचा खरा उपद्रव ती वाचावी लागतात हा नसून, त्यांच्या कलकलाटात दुसऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही हा आहे.

ह्या वंशाचा मूळ पुरुष १९७८ सालच्या मे महिन्यातला. त्या वेळी इंटरनेट नव्हते. अमेरिकेच्या संरक्षणखात्याच्या पैशाने चाललेले अर्पानेट नावाचे एक लहान जाळे होते, आणि त्यावरची माणसे एखाद्या वाड्यातल्या बिऱ्हाडकरूंसारखी एकमेकांना ओळखत. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ह्या कंपनीच्या विक्रीविभागातल्या गॅरी थुअर्क ह्यांनी आपली नवी यंत्रे पाहायला या, असे एकच आमंत्रण सुमारे चारशे पत्त्यांवर एकदम पाठवले. पत्ते इतके झाले की ते पत्त्याच्या जागेत मावले नाहीत, आणि उरलेले खाली मजकुरात सांडले. लोक संतापले, वरिष्ठांकडून कानउघाडणी झाली. पण पुढे थुअर्क स्वतः सांगत असत की त्या एका पत्राने एक कोटीहून अधिक डॉलरची विक्री झाली. ह्या वाक्यातच पुढच्या सगळ्या रामायणाचे बीज आहे. पाठवायला खर्च काहीच नाही आणि मिळाले तर कोटी! १९९४ साली अ‍ॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल ह्या वकील नवराबायकोने ग्रीन कार्डाच्या सोडतीसाठी अर्ज भरून देण्याची जाहिरात हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. जगभरातून शिव्या आल्या, आणि त्यांनी त्यावर श्रीमंत कसे व्हावे हे शिकवणारे पुस्तक लिहिले. थुअर्कांची कंपनी १९९८ साली दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि तिचे नावही पुसले गेले. त्यांनी सुरू केलेली रीत मात्र राहिली.

हे शक्य झाले ते पत्रव्यवहाराची रचनाच तशी झाली म्हणून. ई-मेलचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल ह्यांनी लिहून काढले. ते सुटसुटीत होते, आणि सज्जनांसाठी लिहिलेले होते. पत्र पाठवणाऱ्याने आपले जे नाव सांगितले ते खरेच आहे की काय हे पाहण्याची त्यांत सोय नव्हती. आणि एका पत्राला जो खर्च येई तोच जवळजवळ एक लाख पत्रांना. वाड्यातल्या वाड्यात हे चालते. शेजारणीने विरजण मागितले तर आपण पावती मागत नाही. पण वाड्याचे दार रस्त्याकडे उघडले, रस्ता बाजाराला मिळाला, आणि विरजणाची ती वाटी घेऊन सगळा बाजार दारात उभा राहिला. नियम तेच राहिले.

ह्या धंद्याचा हिशेब एकदा फार सुरेख रीतीने मांडला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आणि बर्कली इथल्या संशोधकांनी २००८ साली असल्या पत्रांच्या एका चोरट्या जाळ्यात शिरून त्याचा जमाखर्च पाहिला. एका बनावट औषधाची सुमारे ३५ कोटी पत्रे २६ दिवसांत गेली. त्यांतली बहुतेक वाटेतच अडवली गेली. औषध घ्यायला किती जण तयार झाले? अठ्ठावीस. सव्वा कोटी पत्रांमागे एक गिऱ्हाईक! अण्णा असते तर त्यांनी कागद पुढे ओढून आकडेमोड केली असती. एका पत्राला नुसता एक पैसा तिकीट असते तर ३५ लाख रुपये झाले असते. म्हणजे अठ्ठावीस गिऱ्हाइकांपैकी प्रत्येक सव्वा लाखाला पडले असते. असा व्यापार कोणता वेडा करील? पण एक पैसाही लागत नाही, म्हणून तो शहाण्याचा ठरतो. खर्च नाहीसा झालेला नाही हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. तो पलीकडे गेला आहे. पत्र चाळणारा तो भरतो, पत्रे साठवणारी यंत्रे चालवणारा भरतो, फसून औषध खाणारा तर फारच भरतो. हेच ते नॉटपेड.

इतके उघड असताना संगणकाच्या व्यापाऱ्यांनी ह्यावर तिकीट का लावले नाही? त्याचे उत्तर त्यांच्या धंद्याच्या एका निर्णयात आहे. १९९६ सालच्या जुलैत साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ ह्या दोघांनी हॉटमेल सुरू केले : पत्रपेटी फुकट, कुठूनही उघडा. त्यांची एक युक्ती फार गाजली. तुम्ही कुणालाही पत्र लिहा, तुमच्या सहीखाली एक ओळ आपोआप उमटायची की तुम्हालाही अशी फुकट पेटी हवी असल्यास इथे या. मुलाने आईला लिहिलेल्या पत्राच्या पाठीवर दुकानाची जाहिरात छापावी तसे हे झाले. पण कुणाला वाईट वाटले नाही. पेटी फुकट होती ना! दीड वर्षात ऐंशी लाखांहून अधिक लोक आले, आणि १९९७ सालच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली. तेव्हापासून पत्रपेटी, फोटोंची पेटी, लिहायची वही, सगळेच फुकट असते हे जगाने गृहीत धरले. जाहिरातदार पैसे देतो आणि आपण येऊन बसतो.

फुकट मिळण्यात मलाही आनंदच वाटला, हे सांगितले पाहिजे. पेन्शनीत आलेल्या बाईचे लेखन कोण छापणार? पण २००८ साली भाच्याने मला एक ब्लॉग उघडून दिला, मराठी टंकलेखन शिकवले, आणि मी अण्णांच्या कचेरीविषयी लिहू लागले. इंदूर, बडोदे, न्यू जर्सी अशा ठिकाणांहून माणसे दोन ओळी लिहीत. कधी न पाहिलेल्या बायका आपापल्या गावच्या पोस्टमनची आठवण सांगत. माझ्या ओसरीवर जणू संध्याकाळची बैठक भरत होती.

आई गेली तेव्हा मी तिने शिवलेल्या शेवटच्या गोधडीवर लिहिले. लिहिताना फार जड गेले. रात्री लेख प्रसिद्ध केला. सकाळी पाहते तो त्याखाली पहिला अभिप्राय आलेला. इंग्रजीत होता. अतिशय उपयुक्त माहिती, असेच लिहीत राहा, आणि स्वस्त मनगटी घड्याळांसाठी इथे टिचकी मारा! दुपारपर्यंत तसेच आणखी चौदा झाले. एका यंत्राला आईच्या मरणाची माहिती उपयुक्त वाटली होती. भाच्याने समजावून सांगितले, "मावशी, तो कुणी वाचलेला नाही. माणसाने लिहिलेलाही नाही. त्यांना तुझ्या पानावर नुसता त्यांच्या दुकानाचा दुवा लावायचा आहे." कारण शोधयंत्रे एखाद्या पानाची योग्यता ठरवताना, त्याच्याकडे बोट दाखवणारी पाने किती, हे मोजतात. कल्पना चांगली होती. चार शहाणी माणसे ज्याचे नाव घेतात तो शहाणा, असेच आपणही मानतो. पण बोटाला किंमत आली की भाड्याची बोटे निघतात. २००५ सालच्या जानेवारीत मोठ्या शोधयंत्रांनी मिळून तोड काढली होती की विशिष्ट खूण केलेले दुवे मोजायचेच नाहीत. तरी यंत्रे थांबली नाहीत. दारावर 'इथे काही मिळणार नाही' अशी पाटी लावली म्हणून माश्या परत जात नाहीत.

माझ्या ओळखीच्या कितीतरी लिहिणाऱ्यांनी मग अभिप्रायाची जागाच बंद करून टाकली. दुसरीकडे धंद्याचे निर्णयही होत होते. याहूने १९९९ साली साडेतीन अब्जांहून अधिक डॉलर देऊन जिओसिटीज घेतले होते, आणि तिथे लाखो लोकांनी आपापली घरगुती पाने मांडली होती. २००९ सालच्या ऑक्टोबरात ते मोडून टाकण्यात आले. नाना ठिकाणचे ब्लॉग एका जागी आणून वाचायला देणारे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. ह्यात बेकायदेशीर काहीच नव्हते. भाडे न देणाऱ्या बिऱ्हाडकरूने कशाच्या जोरावर भांडावे? तिकीट लावणारा माणूस खिडकीशी जाऊन विचारू शकतो, माझे पत्र कुठे आहे? ज्याने काही दिले नाही त्याला उत्तर देण्याचे कुणावर बंधन राहत नाही. अण्णांचा पहिला नियम मोडला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसराही कसा मोडला, हे मला एका पत्राने शिकवले.

२०१७ सालची गोष्ट. कचऱ्यातली पत्रे आपोआप वेगळी काढून ठेवणारा एक कप्पा पत्रपेटीला असतो. त्यात गेलेले पत्र तीस दिवसांनी नाहीसे होते. कुणाचे तरी रेल्वेचे तिकीट सापडत नव्हते म्हणून मी तो कप्पा उघडला. तिकीट तिथे नव्हतेच. पण घड्याळे आणि कर्जे ह्यांच्या मध्ये बावीस दिवसांपूर्वीचे एक पत्र होते. रोमन लिपीत लिहिलेले मराठी, अनोळखी नाव, आणि विषयाच्या जागी : 'तुमचे जुने पैसे परत करण्याबाबत'. ह्या विषयाचे पत्र पाहिल्यावर यंत्राने काय, मीही ते उघडले नसते. पण पुढची ओळ दिसत होती, आणि तीत आमच्या गावाचे नाव होते.

लिहिणारे गृहस्थ सत्तरीच्या घरातले. त्यांच्या नातीने ते टिपून घेतले होते. चौदाव्या वर्षी ते मुंबईला गिरगावात एका हॉटेलात कपबशा धुवायला लागले. पहिले चार महिने पगार मिळणार नव्हता, नुसते जेवण. घरी आई एकटी. तिला आपण जिवंत आहोत एवढे तरी कळावे, म्हणून मुलगा मिळेल त्या कागदावर लिही, घडी घाली आणि तिकिटाशिवाय पेटीत टाकी. असे चार वेळा. आईजवळ दुप्पट तर सोडाच, एकपट पैसे नव्हते. चारही पत्रांचे पैसे अण्णांनी भरले, आणि तिला वाचता येत नव्हते म्हणून कचेरी बंद झाल्यावर तिला वाचूनही दाखवले. तिने मुलाला हे पुष्कळ वर्षांनी सांगितले. आता नातीने माझे कुठलेसे टिपण आजोबांना वाचून दाखवले, गाव जुळले, पोस्टमास्तर जुळले. आणि त्यांनी लिहिले होते की पैसे फार नसतील, पण ते माझ्या डोक्यावर आहेत.

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नव्हते. नॉटपेड पत्रावर चिडणारे अण्णा ते असे भरीत असत!

मी त्याच संध्याकाळी फोन केला. ते आधी गोंधळले, मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, उत्तर आलं नाही म्हणजे तुम्हांला राग आला असेल." बावीस दिवस एक म्हातारा माणूस आपण काही वावगे लिहिले की काय, ह्याचा विचार करीत बसला होता. पैशांविषयी मी काय उत्तर दिले ते सांगण्याची जरूर नाही. अण्णांनी दिले असते तेच दिले.

ह्यात मी यंत्राला मूर्ख म्हणणार नाही. त्याला फसव्या पत्रांचा ढीग दाखवून शिकवलेले असते. कुठले शब्द, कुठले विषय आणि कसले पत्ते त्या ढिगात वारंवार येतात हे मोजून ते नव्या पत्राचा अंदाज बांधते. अनोळखी माणूस आणि आपण होऊन देऊ केलेले पैसे, ही लक्षणे लबाडीची आहेत असे ते शिकले, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते खरेच असेल. सुक्याबरोबर ओले जळते, म्हणून जंगलाला दोष देता येत नाही. पण जळाल्याचे कुणाला कळवायला नको? टपालखात्यात ज्या पत्राचा घेणाराही सापडत नाही आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही बाहेर लिहिलेला नाही, अशा पत्रांसाठी एक निराळी कचेरी असते. तिला पूर्वी डेड लेटर ऑफिस म्हणत, पुढे रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणू लागले. तिथला अधिकारी ते पत्र उघडतो, आत कुठे नाव-गाव सापडते का पाहतो, आणि सापडले तर लिहिणाऱ्याकडे परत पाठवतो. ह्या कचेरीबद्दल अण्णा देवळाबद्दल बोलावे तसे बोलत. शेवटचा उपाय म्हणून का होईना, पत्राकडे एक माणूस पाहतो. माझ्या पत्रपेटीतला तो कप्पा पत्र पोचवीत नाही, परत करीत नाही, आणि लिहिणाऱ्याला चकार शब्द सांगत नाही. पत्राला पूर्वी दोनच गती होत्या. ही तिसरी आपण निर्माण केली.

तिकीट लावण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर ह्या दोघांनी १९९२ सालीच सुचवले की पैशाऐवजी प्रत्येक पत्रामागे पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक लहानसे गणित सोडवायला लावावे. एका पत्राला दहा सेकंद लागली तर तुमचे-माझे काय बिघडते? पण एक कोटी पत्रे पाठवणाऱ्याला तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. अ‍ॅडम बॅक ह्यांनी १९९७ साली तशी व्यवस्था करूनही दाखवली. अडचण एवढीच की चोर आपला संगणक वापरीतच नाहीत. दुसऱ्यांचे बळकावून त्यांच्याकडून पत्रे पाठवतात. तिकीटही मग त्यांच्याच खिशातून जायचे. बिल गेट्स ह्यांनी २००४ सालच्या जानेवारीत दाव्होसला सांगितले होते की दोन वर्षांत हा प्रश्न सुटलेला असेल. तो सुटला नाही. आणि टपालाचे तिकीट म्हणून सुचलेले ते गणित पुढे बिटकॉइनचे नाणे पाडण्याच्या कामी आले!

फुकट पाठवण्याची किंमत किती चढू शकते हे आपल्याच राज्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. पाठवणाऱ्यांपैकी कुणाचाही त्या पाच जणांशी दावा नव्हता. त्यांनी नुसते बोट दाबून पुढे ढकलले होते. त्या नॉटपेड पत्राचे पैसे तिसऱ्यानेच भरले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने हिंदुस्थानात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही असा निर्बंध घातला, आणि २०१९ साली तो जगभर लागू केला. ते पाच पाहिले की मला आत्याची कार्डे आठवतात. तिचा दुखणारा हात जे काम करीत होता ते आता कंपनीला नियम करून करावे लागते.

मी माझी अभिप्रायाची जागा बंद केलेली नाही. भाचा म्हणतो, कशाला रोज ही कटकट? पण अंगणात पाने पडतात म्हणून कुणी अंगणाला छप्पर घालत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो, ते तिने एकदाच घर झाडून संपवले म्हणून नव्हे. रोज सकाळी चहा झाला की मी तो कप्पा उघडते आणि टाकण्यापूर्वी प्रत्येक नावाकडे एकदा पाहते. वेळ जातो, हे खरे. तेवढे तिकीट मी लावते.

काल एकोणीस होते. अठरा घड्याळांचे, औषधांचे आणि कर्जांचे. एकोणिसावे सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेचे होते. त्यांच्या वर्गातली मुले पोस्टाचे नाटक बसवीत आहेत, आणि त्यांना विचारायचे होते की थैलीला मोहोर करताना तुमचे वडील लाख कशावर वितळवीत, मेणबत्तीवर की दिव्यावर? दिव्यावर. आता तेच सविस्तर लिहायला बसते आहे.